जेवताना उठणारे गुरुजी

सालातिगा शहरातल्या त्या गल्लीत मुर्सिदी गुरुजींची शिट्टी वाजली, की लोक हातातला चहा खाली ठेवून मैदानाकडे निघत. गुरुजींनी जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवली आणि निवृत्त झाल्यावर गल्लीला धरलं. आताशा मात्र गुडघ्यांनी दगा दिला होता. ते कट्ट्यावर उभे राहून शिट्टी फुंकत, हात तेवढे हलवत. घाम खालचे लोक गाळत. घरी गेल्यावर वेताच्या खुर्चीत जे बसत ते थेट जेवायलाच उठत. ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून गुरुजी फार जपत.

अशात सेमारांगच्या विद्यापीठातून रेत्नो नावाची मुलगी आली. लोकांचा व्यायाम, चालणं, घरातली कामं यातलं किती अंगवळणी पडलंय, हे तिला मोजायचं होतं. आधी तिने प्रश्न विचारले. "हे तुम्ही न ठरवता करता का? एखाद्या दिवशी राहिलं तर चुकल्यासारखं वाटतं? सुरू केल्यावरच ध्यानात येतं का, की अरे, आपण हे करतोय?"

"अगं मुली, माझं अंग आपणहून उठतं," गुरुजी म्हणाले. बोलायला काय जातंय! पण मग तिने काडेपेटीएवढं यंत्र काढलं. आठवडाभर मांडीला बांधून ठेवायचं. उठणं, बसणं, चालणं, सगळं त्याला कळतं म्हणे. गुरुजींनी ते मुकाट खिशात टाकलं.

घरी आल्यावर त्यांनी ते बायकोपुढे, वार्सिहपुढे धरलं. ते तिला चारचौघांसारखं 'बू' म्हणत, ती त्यांना 'बापाक'. "बू, हे तू बांध."

वार्सिह सोयाबीनचं तेंपे तळत होती. "मी? तुम्हाला दिलंय ना ते?"

"तुझी नाहीतरी दिवसभर लगबग चालूच असते. बांध म्हटलं ना."

तिने हात पुसले आणि झग्याखाली मांडीला पट्टा आवळला. गुरुजी खुर्चीत जाऊन बसले.

पुढच्या रविवारी रेत्नो निकाल घेऊन आली. गल्लीच्या सभागृहात सगळे जमले. बायका चहा आणि वाफवलेली केळी फिरवत होत्या, त्यात वार्सिहही होती. रेत्नो गुरुजींपाशी येऊन हळूच म्हणाली, "तुमचं नाव घेऊन सांगितलं तर चालेल? सगळ्यांत उत्तम तुमचंच आहे."

इथे तरी नको म्हणायचं! पण फुशारकी नडली. "सांग की! लपवायचंय काय त्यात?"

पडद्यावर रेघांचा डोंगर उमटला. "बघा," रेत्नो म्हणाली, "उजाडायच्या आधीपासून गुरुजी पायांवर. दुपारीसुद्धा पाठ टेकत नाहीत." टाळ्या पडल्या. गुरुजींनी मान लववली. "एक मात्र मला कळलं नाही. रोज जेवायच्या वेळी हे असं दिसतं. बसले, उठले, लगेच बसले, पुन्हा उठले. एकही जेवण सलग बसून झालेलं नाही. जेवताना एवढं कशाला उठता, गुरुजी?"

 बू, पाणी. बू, सांबालची चटणी संपली. बू, हा भात गार आहे. आपलेच शब्द त्यांना त्या रेघांतून ऐकू यायला लागले. इतकी वर्षं समोर बसून जेवले, पण बायको घास कधी घेते हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बायकोला वाढायला उठत असतील!" शेजारचा जुमादी ओरडला आणि सगळे हसले.

त्याच्या बायकोने त्याला कोपरखळी मारली. "हसू नका, शिका जरा! तुम्हाला तर स्वतःचं ताटही उचलता येत नाही."

रेत्नो वार्सिहकडे वळली. "खरंच का हो, बू?"

हातातला ट्रे पुढे करता करताच वार्सिहने मान हलवली. "हो," ती म्हणाली. "मला उठूच देत नाहीत. सवयच आहे त्यांना."

बायका भारावल्या, मग टाळ्या पिटायला लागल्या. उठून एक वाक्य बोलायचं होतं, यंत्र हिच्या मांडीला होतं, एवढंच. गुरुजींनी खुर्चीचे हात धरलेसुद्धा. पण उठले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं तरी त्यांनी टाळ्या मान खाली घालून घेतल्या, आणि लोकांना तो विनय वाटला.

वाटेत त्यांनी विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

"काय की." वार्सिह दुखरा पाय ओढत चालली होती. आपल्यापेक्षा हिचेच गुडघे जास्त गेलेत, हे त्यांना आज दिसलं. "विचार नाही केला, बापाक. निघालं तोंडातून."

रात्री जेवायला बसताना गुरुजींनी मनाशी ठरवलं होतं. आज काही लागलं तर आपण उठायचं. गुडघे मोडले तरी चालतील, हिला घास गिळू द्यायचा. आणि सभागृहात जे सांगितलं नाही ते उद्या मैदानावर सगळ्यांसमोर सांगायचं. शब्द जुळवता जुळवता त्यांनी भात कालवला, तेंपेचा तुकडा मोडला.

"बू, सांबाल—"

बोलल्यावरच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईने मान वर केली.

समोरच्या ताटात घास तसाच ठेवलेला होता. वार्सिह केव्हाच उठली होती.