खालच्या विहिरीचा पेला

"ह्या किटलीला खपली का नाही धरली?"

मावशींनी बाळाची किटली खिडकीशी नेली, आत डोळा लावला, नखाने तळ खरवडून पाहिला आणि नवऱ्याकडे वळल्या. "मी काय विचारते? चहाची किटली बघा, आतून चुन्याची भिंत झालीय. आणि हिच्यात मी दिवसभर बाळासाठी पाणी उकळते, तर हिचा तळ नव्या नवरीसारखा लखलखीत!"

चावीवाले दुपारच्या जेवणाला घरी आले होते. त्यांनी ताटातून मान वर काढली नाही. बेटाच्या पाणीपुरवठ्याच्या सगळ्या चाव्या या माणसाच्या हातात. कुठल्या गल्लीला किती पाणी सोडायचं ते हे ठरवणार, म्हणून अख्खं बेट त्यांना चावीवाले म्हणे. घरात मात्र त्यांच्या हातात मिठाचा डबासुद्धा नव्हता. तिथे मावशींचं राज्य. अख्ख्या बेटाच्या त्या मावशी. पाठीमागे चावीवालेही त्यांना मावशीच म्हणत. समोर म्हणायची छाती नव्हती.

"धरत नसेल हल्ली," ते पुटपुटले. "नवी आहे ना किटली."

इथेच ते फसले. ज्याने काही केलेलं नसतं तो 'मला काय ठाऊक' म्हणून मोकळा होतो, कारणं देत बसत नाही. एवढं कळायला मावशींना शाळेत जावं लागलं नव्हतं. गेल्याही नव्हत्या फारशा. त्यांनी किटली ओट्यावर ठेवली, नवऱ्याची नजर चुकून ज्या मागच्या दाराकडे गेली ते उघडलं, सरपणाच्या ढिगामागे हात घातला आणि झाकणाचा एक निळा कॅन ओढत आणला. भरलेला.

"हे काय?"

"पाणी."

"ते मलाही दिसतंय. कुठलं?"

"वरच्या विहिरीचं."

आतल्या खोलीत लेक बाळाला घेऊन बसली होती. बाळंतपणानंतरच्या तापात तिचं दूध आटलं आणि बाळ बाटलीवर आलं. जावई बोटीवर, म्हणून माय-लेकी इथेच. तिने बाळाला खांद्यावर टाकलं आणि दारात येऊन उभी राहिली. घरातला असा तमाशा चुकवणं तिला परवडणारं नव्हतं.

त्या बेटाला नदी नाही, ओढा नाही. दोनच विहिरी. वरची टेकडीवर, पाणी निर्मळ, पण हात आखडता. खालची सपाटीवर, कोबीच्या वाफ्यांमध्ये, मनाने उदार, हवं तेवढं उपसा. ही खालची मावशींच्या वडिलांनी खणलेली. काठावर त्यांनी साखळीला बांधून पितळेचा पेला ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं म्हणून. पुढे विहीर गावाची झाली, तिच्यावर पंप बसला, पण मावशींच्या मनातून ती बापाचीच राहिली. घरात नळ असताना पिण्याचं पाणी त्या तिथूनच ओढून आणत. नळाच्या पाण्याला त्या 'भेसळ' म्हणत. नवऱ्याचं सगळं काम त्या एका शब्दात निकालात निघे, कारण चावीवाले आयुष्यभर तेच करत आले होते. दोन्ही विहिरींचं पाणी टाकीत एकत्र करायचं. खालच्या विहिरीत वाफ्यांचं खत मुरून नायट्रेट नावाचा क्षार वाढलेला. वरच्या विहिरीचं पाणी त्यात मिसळलं की ते पातळ होऊन पिण्याच्या हद्दीत बसे.

"म्हणजे तुम्ही," मावशी एकेक शब्द दाताखाली घेत म्हणाल्या, "मी ओढून आणलेलं माझ्या बापाच्या विहिरीचं पाणी मोरीत ओतता आणि हे भरून ठेवता?"

"मोरीत नाही. तुझ्याच झाडांना घालतो."

"वा! उपकार झाले. अहो, उकळून देते मी बाळाला. एकदा नाही, दोन-दोनदा, खळखळ!"

"तेच तर!" चावीवाल्यांनी हातातला घास खाली ठेवला. "अगं, उकळल्याने जंतू मरतात. हे खताचं विष मरत नाही. मिठाचं पाणी आटवलंस तर खारटपणा कमी होतो का वाढतो? पाणी वाफ होऊन जातं आणि हे मागे राहतं. जितकं उकळशील तितकं दाट."

"दिसत नाही, वास नाही, चव नाही. म्हणे दाट!"

"आई, बाबांकडे त्या पाणी तपासायच्या पट्ट्या असतात ना," लेक म्हणाली. "बघून टाका एकदा. नाहीतर मी संध्याकाळपर्यंत हेच ऐकत बसणार."

चावीवाल्यांनी खिशातून कागदी पट्ट्यांची डबी काढली. एका भांड्यात मावशींनी आणलेलं खालच्या विहिरीचं ताजं पाणी घेतलं, दुसऱ्यात चहाच्या किटलीतलं, सकाळपासून उकळून उकळून अर्धं झालेलं. दोन्हींत एकेक पट्टी बुडवून ताटाच्या कडेला ठेवली. तिघंही वाकून बघत राहिले. पहिली पट्टी गुलाबी झाली. दुसरी त्याहून गडद होत होत जांभळाकडे झुकली.

मावशींनी दुसरी पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. लेकीने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बाळाला काय होतं याने?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज मावशींचा वाटत नव्हता.

"मोठ्यांना लगेच काही कळत नाही. एवढ्या लहान जिवाचं रक्त मात्र याने प्राणवायू धरू शकत नाही. ओठ निळे पडतात."

मावशींनी पुढे होऊन नातीची हनुवटी बोटाने उचलली आणि ओठ पाहिले. गुलाबी होते. वर त्या ओठांनी एक मोठी जांभई दिली, आजीच्या तोंडावरच.

"कधीपासून बदलताय पाणी?"

"बाटलीवर आली त्या दिवसापासून. तुझ्या पाण्याचा एक थेंबही तिच्या पोटात गेलेला नाही."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तोंड होतं. तुझ्यासमोर उघडायचं कसं, ते कळत नव्हतं."

लेकीला हसू आलं. ते तिने बाळाच्या झबल्यात लपवलं. मावशी हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्यांना त्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती पाठ होती, आणि त्यातली एक अजून सैल झाली नव्हती.

"आणखी काय लपवलंय?"

चावीवाल्यांनी ताट बाजूला सारलं. "सकाळच्या बोटीने तपासणीच्या बाई आल्या होत्या. टाकीतलंच पाणी हद्दीबाहेर गेलंय. वरची विहीर उन्हाने तळाला गेली, मिसळायला पाणीच पुरत नाही. म्हणाल्या, काका, खालची आजच बंद करा. आणि भोवतीच्या वाफ्यांना खत घालणं थांबवा, नाहीतर ती विहीर कधीच सुधारायची नाही." ते थांबले. "विहिरीला लागून पहिला वाफा तुझा आहे."

"केली बंद?"

"जेवून करतो म्हटलं."

"सकाळी सांगितलं आणि तुम्ही जेवून करणार?" आता मावशींचा मूळचा आवाज परत आला, आणि सगळ्यांनाच बरं वाटलं. "आपल्या बाळाचं पाणी तुम्ही चोरून बदललंत. जेट्टीजवळच्या शिंपिणीच्या बाळाचं कोण बदलणार? पाववाल्याच्या जुळ्यांचं? उठा. हात धुवा. चावी घ्या."

"अगं, तुझ्या वडिलांची विहीर..."

"माझ्या बापाने लोकांची तहान भागवायला खणली होती. त्याच्या पाण्याने कुणाचं लेकरू निळं पडलं, तर तो वरून उतरून आधी तुम्हाला बुडवील आणि मग मला. चला!"

भर उन्हात दोघं सपाटीवर गेली. वाफ्यांत कोबी टपोरा धरला होता. मावशींचा सगळ्यात टपोरा, आणि त्या खतात कधी हात आखडत नसत हे सगळ्यांना माहीत होतं. त्या तिकडे न बघता विहिरीशी गेल्या. पोहरा सोडला, पाणी काढलं, बापाच्या पेल्यात ओतलं आणि सावकाश प्यायल्या.

"आता कशाला?" चावीवाले म्हणाले.

"मला काय निळं पडायचंय? व्हायची ती जांभळी-काळी मी तुमच्यामुळे कधीच झालेय." त्यांनी दुसरा पेला भरून नवऱ्यापुढे धरला. "घ्या. गोड आहे की नाही?"

चावीवाल्यांनी पिऊन पाहिलं. "गोड आहे."

"मग झालं. पाण्याची चूक नाही, एवढं म्हणा."

"पाण्याची चूक नाही."

पंपाच्या खोलीतलं खालच्या विहिरीचं चाक त्यांनी फिरवायला घेतलं. वर्षानुवर्षं ते अर्धवटच फिरत आलेलं, पुरतं बंद व्हायची सवय नव्हती. मध्येच अडलं. मावशींनी पदर खोचला आणि त्यांच्या हातांवर आपले हात ठेवून जोर लावला. चाक कुरकुरलं, फिरलं, थांबलं. पाइपातला आवाज गेला. चावीवाल्यांना तो आवाज इतका अंगवळणी पडलेला, की गेल्यावरच पहिल्यांदा ऐकू आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून बेटाला नळ जेमतेम बादली भरेल एवढाच वेळ येऊ लागला. कोपऱ्यावरच्या नळाशी बायका चावीवाल्यांचा उद्धार करत उभ्या होत्या. "म्हातारपणी हातातली चावीसुद्धा फिरत नाही वाटतं!" पाववालीण म्हणाली. मागून मावशी आल्या.

"चावी मी फिरवली. शिव्या मला दे, मोजून परत देईन. तोवर तुझ्या जुळ्यांचं पाणी ह्या नळाचं घे, आणि उगाच आटवत बसू नकोस."

पाववालीण गप्प झाली आणि बादली पुढे सरकवली.

मग मावशी वाफ्यात गेल्या आणि एकेक कोबी उपटून बांधावर रचला. खताची उरलेली पोती शेजारच्या मळेकऱ्याने मागितली, तेव्हा त्यांनी त्याला अशा शब्दांत उत्तर दिलं की त्यानेही आपली पोती परत पाठवली. तपासणीच्या बाईंनी समजावून जे जमलं नसतं ते मावशींच्या जिभेने एका सकाळीत केलं, असं चावीवाले पुढे कौतुकाने सांगत. मागून. जरा लांबून.

"कधी सुधारेल हो?" त्या रिकाम्या वाफ्याच्या बांधावर बसून मावशींनी विचारलं.

"बाई म्हणतात, वर्षं लागतील. जमिनीत मुरलेलं आहे, सावकाश उतरणार."

"किती वर्षं?"

"आपली नात शाळेतून बाहेर पडेल तेव्हा कदाचित."

मावशींनी मान हलवली. संध्याकाळी त्यांनी विहिरीवरचा पेला साखळीसकट सोडवून घरी आणला, राखेने घासला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत उंचावर खिळा ठोकायला नवऱ्याला सांगितलं.

"इतक्या वर? तुझा तरी हात पुरेल का?"

"माझा कशाला पुरायला हवा?" त्या नातीकडे बघत म्हणाल्या. "हिचा हात पुरेल तेव्हा हिनेच काढावा, आणि विहिरीवर नेऊन बांधावा."

चावीवाल्यांनी खिळा ठोकला. पेला टांगला गेला, थोडा हलला, स्थिर झाला. खाली पाळण्यात नात पाय झाडत होती. पाळण्यापासून त्या खिळ्यापर्यंतचं अंतर दोघांनीही नजरेने मोजलं. मग मावशींनी बाळाची किटली उचलली, निळ्या कॅनमधून भरली आणि चुलीवर ठेवली. उकळी फुटताच, लगेच, उतरवली.