अर्ध्या भरलेल्या बॅटऱ्या

लांब्याची आज पाचावर धारण बसली होती. प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळणारा हा सहाफुटी गडी एरवी कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. पण समोर डॉक्टरीणबाई काचेच्या बंद पेटीत हात घालून बॅटरी उघडत होती आणि याला दरदरून घाम फुटला होता. डॉक्टरीणबाई हे तिचं चिडवायचं नाव. पदवी अजून मिळायची होती. ती मिळणार की वर्ष पाण्यात जाणार, हे या बटणाएवढ्या बॅटऱ्यांवर होतं.

बॅटरी नुसती ठेवली तरी आतून झिजते. आतल्या ग्राफाइटच्या चकतीवर हळूहळू साय धरते, त्या सायीत लिथियम अडकतं, ते कायमचंच. ही साय धरू नये म्हणून तिनं एक लेप शोधला होता. काही बॅटऱ्या लेपाच्या, काही बिनलेपाच्या, सगळ्या अर्ध्याच चार्ज करून वर्षभर गरम कपाटात ठेवलेल्या. उतावळेपणात आज उघडण्याआधी चार्ज बघायला मीटर लावायचंसुद्धा राहून गेलं होतं.

चकती बाहेर आली ती लखलखीत सोनेरी. बघायला जमलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, तिच्या मार्गदर्शक सरांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र वाकून चकतीकडे निरखून बघायला लागली.

"अर्ध्या चार्जला ग्राफाइट तांबूस दिसतं," ती म्हणाली. "सोनेरी म्हणजे काठोकाठ भरलेली. कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

लांब्यानं सगळं ओकून टाकलं. ती सुटीवर गेली तेव्हा त्या बिचाऱ्या बॅटऱ्या अर्धपोटी पडून आहेत हे याला बघवेना. यानं एकेक काढून पोटभर चार्ज केली, आणि पुढेही गुपचूप भरत राहिला. भरलेली बॅटरी उष्णतेत ठेवली तर लवकर म्हातारी होते, हे त्याला परवा कळलं, तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"प्रेमापोटी केलं," तो पुटपुटला.

"बॅटऱ्यांच्या?" सरांनी विचारलं. लांब्या कानापर्यंत लाल झाला.

ती उरलेल्या बॅटऱ्या तपासायला बसली. बिनलेपाच्या पार थकलेल्या निघाल्या. लेपाच्या मात्र टुणटुणीत. सोप्या परीक्षेला बसवलेला लेप अवघड परीक्षेत पास झाला होता. पदवीला एवढं पुरे, खुशाल नोकरीच्या गावी जा, असं सरांनी सांगितलं आणि एकच धिंगाणा सुरू झाला. कुणी स्टुलावर चढून नाचलं. लांब्याही नाचला, पण ती जाणार म्हणून त्याला मधूनच रडू येत होतं.

गलका ओसरल्यावर बघतो तर बाई नव्या बॅटऱ्या अर्ध्या चार्ज करून कपाटात लावत बसलेली. काम तर झालं, मग या कशाला, असं त्यानं विचारलं.

"तशी गरज नाही," ती मान वर न करता म्हणाली. "पण अजून वर्षभर इथे राहायचं तर घरी सांगायला काहीतरी कारण नको का?"

आणि लांब्या? मेल्याला उचकी लागली.