चिमीचं दूध तोडलं तेव्हा

आमची कुत्री चिमी कडब्याच्या शेडमध्ये व्याली, आणि एका दमात सात पिल्लं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, त्याच दिवशी तिचं बाळंतपण अंगावर घेतलं. बाजरीचा ऊन ऊन घाटा, त्यात गूळ, वर शेपूची भाजी कुस्करून. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझी अशी बडदास्त कुणी ठेवली नव्हती, हे मी बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुला एका वेळी एकच होतं, हिला सात आहेत.

महिनाभर झकास चाललं. आमची वस्ती कोल्हार गावापासून जरा लांब, चहूकडे ऊस, गोठ्यात सहा गाई आणि राखणीला एकटी चिमी. पिल्लांना दात फुटले तसं बिघडत गेलं. सुईसारखे ते दात. चिमीच्या सडांना ओरखडे पडले, खाऊनपिऊनही बरगड्या मोजता यायला लागल्या. पिल्लं अंगाशी आली की ती उठायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन बसायची. तिथं त्यांना चढता येत नव्हतं.

आत्याबाईंना हे बिलकूल पटेना. त्या तिला खाली उतरवायच्या, पट्ट्याला धरून पिल्लांत आणून आडवी करायच्या आणि उठू नये म्हणून पाठीवर हात दाबून बसायच्या. वर "असली कसली आई गं तू," म्हणून ऐकवायच्या. मी एकदा म्हटलं, तिला नकोय तर राहू द्या. त्यावर मला ऐकून घ्यावं लागलं, की पाजणं आईच्या मर्जीवर सोडलं असतं तर जगात एक लेकरू जगलं नसतं. आमच्या मालकांनी, रंगनाथनी, मला डोळ्यांनी दटावलं. शेणघाण, धारा, डेअरी, स्वयंपाक, यात आणखी कुत्रीवरून सासूशी कोण वाद घालणार? मी गप्प बसले. चूक त्यांची होती तेवढीच माझीही होती.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी चिमी धापा टाकायला लागली. मग पाय ताठ झाले, अंग थडथड उडायला लागलं. उभी राहायला गेली आणि कोलमडली. आत्याबाई तिच्या तोंडात पाणी घालायला तांब्या घेऊन आल्या, तो घशात अडकेल म्हणून मी हिसकून घेतला. मालकांनी ज्ञानेश्वर डॉक्टरांना फोन लावला. ते आमच्या गाई बघतात, नशिबानं शेजारच्या वस्तीवरच होते. त्यांनी पुढच्या पायाच्या शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी सावकाश, एक हात तिच्या छातीवर ठेवून. चिमी गेली असंच मी धरलं होतं. आत्याबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं थरथर थांबली आणि चिमीनं मान उचलली.

पिल्लांनी हिला पिऊन रिकामी केली आहे, डॉक्टर म्हणाले. आजपासून एकही पिल्लू अंगाला लावायचं नाही, पुन्हा असा झटका आला तर वाचेल असं मी सांगत नाही. पिल्लांना आता खाता येतं. भाकरी कोमट पाण्यात भिजवून कुस्करा, उकडलेलं अंडं घाला. गाईचं दूध नको, हगवण लागेल. चिमीला दोन दिवस बेतानं खायला द्या, मग हळूहळू वाढवा, आणि सोबत हे औषध. सडं मात्र पिळायची नाहीत.

"आन दूध साचंल त्याचं?" मालकांनी विचारलं.

"गाभण गाय आटवताना काय करता, रंगनाथराव?"

"पेंड बंद करतो. धार काढत न्हाई."

"का?"

"काढली की परत येतं," मालक म्हणाले आणि त्यांनी चिमीकडे बघितलं.

कास टरटरते, आठवडाभरात आपोआप ओसरते, हे आमच्या वस्तीवरचं शेंबडं पोरही सांगेल. वीस वर्षं गाई आटवणारे आम्ही, आणि त्याच गोठ्यातल्या कुत्रीला दूध वाढावं म्हणून घाटा घालत होतो. मला आमची सगळ्यांचीच चीड आली.

पिल्लांचं सोपं निघालं. पहिल्या दिवशी ती परातीत उभी राहिली, एक तर त्यातच झोपलं. दुसऱ्या दिवशी परात चाटूनपुसून साफ. चिमीला घराच्या पुढच्या ओसरीवर बांधली होती, पिल्लं दिसणार नाहीत अशी. आत्याबाई तिच्याशेजारीच बसून असायच्या. तिसऱ्या दिवशी सडं टणक झाली, चिमी कण्हायला लागली. संध्याकाळच्या धारा काढून मी आले, तर आत्याबाईंच्या पदराखाली काहीतरी हललं. पिल्लू होतं.

"मारायचंय का तिला?" मी ओरडलेच.

त्या भांडल्या नाहीत. एकच लावून बघते, तिला जरा मोकळं वाटंल, एवढंच पुटपुटल्या. पिल्लू मात्र त्यांनी अजून तिच्याजवळ नेलं नव्हतं.

"तुझा नवरा दोन वर्साचा हुता," त्या म्हणाल्या. "दुसरं पोटात राहिलं आन पडलं. मला उभं राहायचं बळ न्हवतं. ह्यो प्यायला वढायचा, मी उठून गोठ्यात जाऊन बसायची. सासू हाताला धरून आनायची. म्हनायची, असली कसली आई तू."

"मग?"

"मग काय. पाजलं." त्यांनी पदर सारखा केला. "तुला काय हुतंय, असं एकानं बी इचारलं न्हाई."

बावीस वर्षं मी या घरात आहे. मीही कधी विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. मी हात पुढे केला, त्यांनी पिल्लू मुकाट्यानं माझ्याकडे दिलं.

आठ-नऊ दिवसांत सूज उतरली, सडं मऊ पडली. डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि सोडायला हरकत नाही म्हणाले. मालकांनी साखळी काढली. चिमी स्वतःहून पिल्लांकडे गेली, एकेकाला हुंगलं, दोघांना चाटलं. सगळी तिच्या पोटाखाली घुसली तशी ती गुरगुरली आणि उसाच्या बांधाकडे निघाली. मालकांना राहवलं नाही. त्यांनी तिचा पट्टा धरला.

"आता दूध कुठंय? नुसतं जवळ बसू दे की. आई हाय त्यांची."

आत्याबाई तरातरा आल्या आणि त्यांनी लेकाचं मनगट पकडलं.

"सोड तिला," त्या म्हणाल्या. "तिला जायचंय."

मालकांनी पट्टा सोडला आणि माझ्याकडे बघितलं, आईला काय झालं म्हणून. चिमी बांधावर पोचून उन्हात आडवी होईपर्यंत आत्याबाईंनी त्यांचं मनगट सोडलं नव्हतं.