सात आठवड्यांचे जव

थोरलीला जव शिजवायला शिकवणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. एकोणीस वर्षं ती कापड कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. दुपारच्या सुट्टीत अडीचशे माणसं तिच्या हातचं सूप पिऊन पुन्हा मशीनवर जायची आणि वाढपी ओरडायचा, "बाई, भांड्याचा तळ दिसायला लागला!"

घरी मात्र तिचं कौतुक करायला एकटा नवरा. घर एक, मजले दोन. वर ही, खाली धाकटा दीर आणि त्याची बायको. सहा वर्षांपूर्वी धाकटीनं कोणाला न विचारता जिन्याला हिरवा रंग लावून घेतला. थोरली म्हणाली, "हा जिना आहे की पोपट?" धाकटीही काही मुकी नव्हती. शब्दानं शब्द वाढला आणि दोघी जावांचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. भाऊ-भाऊ बोलायचे, बायकांचे निरोप पोचवायचे आणि मध्ये मार खायचे.

एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "खाली धाकटीचं काही बरं नाही. पोट सारखं बिघडतं, पार वाळलीय. डॉक्टरांनी गहू बंद केलाय. पाव नाही, बिस्किट नाही."

"मग खाते काय?"

"भात. आणि कंटाळा आला की पुन्हा भात."

थोरली उठली, डबा काढला आणि दोन वाट्या जव निवडायला बसली. तीन पाण्यांनी धुतले, पाणी नितळ होईपर्यंत. रात्रभर भिजवले. सकाळी निथळून कोरड्या कढईत वास सुटेपर्यंत परतले, म्हणजे दाणा चिकट होत नाही. मग तिप्पट पाणी, मंद आच, वर येणारा फेस पळीनं काढायचा. मीठ शेवटी, नाहीतर दाणा हट्टाला पेटतो. तासाभरानं एक दाणा बोटांत दाबून पाहिला. गाजर, कांदा, मिरी घालून वाफाळतं भांडं घेऊन ती स्वतः जिना उतरली.

धाकटीनं दार उघडलं आणि बघतच राहिली. गालांची हाडं वर आलेली, डोळे मोठे झालेले.

"जवाचं सूप आहे. गव्हाचा कण नाही त्यात," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली.

धाकटीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "आत या ना, ताई."

झालं! त्या दिवसापासून थोरलीच्या अंगात वारं संचारलं. कधी सूप, कधी कांद्यावर परतलेले जव, कधी काकडी-टोमॅटो घालून गार, कधी दुधात शिजवून गोड. नवरा म्हणायचा, "जावेनं जावेला जव घालावेत, ह्यापरतं दुसरं काय हवं?" रोज भांडं रिकामं यायचं, घासूनपुसून लख्ख. दोघी समोरासमोर बसायच्या, सहा वर्षांचं साचलेलं बोलायच्या.

फक्त धाकटीला उतार पडेना. उलट पोटात कळा वाढल्या. जिना चढताना धाप लागायला लागली. थोरलीनं त्यावर एकच उपाय केला. भांडं मोठं केलं.

सातव्या आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. दीर कामावर, म्हणून थोरली सोबत गेली. आहार सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं, रक्ताचे आकडे बघितले, कपाळाला आठ्या घातल्या.

"हे वाढलंय. गहू नक्की बंद आहे ना? रोज काय खाता?"

धाकटीनं मान खाली घातली. थोरलीला वाटलं, अशक्तपणा. ती पुढे सरसावली. "मी सांगते ना! माझ्या हातचं खाते ती. रोज जव." आणि तिनं सगळं सांगितलं. तीन पाणी, कोरडी कढई, फेस, शेवटी मीठ.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"जव? रोज?"

"दोन्ही वेळा!" थोरली अभिमानानं म्हणाली.

"अहो, गव्हात जे हिला सोसत नाही ना, तेच जवातही असतं. हिच्यासाठी दोन्ही सारखेच." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "पहिल्याच दिवशी मी तुम्हाला कागद दिला होता. जवाखाली लाल रेघ मारली होती. ती ओळ तुम्ही वाचून दाखवलीत मला."

थोरलीला वाटलं, ह्या बाई दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत. मग तिनं धाकटीकडे वळून पाहिलं. धाकटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. घट्ट, सोडत नव्हती.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर थोरलीनं विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, ताई."

"आणि तू खाल्लंस? माझ्यासमोर बसून? अगं, नुसतं म्हणायचं होतंस, मला चालत नाही!"

"तुम्ही सहा वर्षांनी दारात आला होतात," धाकटी म्हणाली. "नको म्हटलं असतं तर फिरला असतात. वाटलं, एक दिवस खाऊ, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोड करून आणलंत. मग सांगायची लाजच वाटायला लागली."

थोरलीला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच हातानं जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही जमलं नाही. हात मांडीवरच राहिला. समोरून माणसं जात होती, कोणी नंबर पुकारत होतं, तिला काही ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त ती घासलेली भांडी येत होती, एकामागून एक.

तीन दिवस ती खाली गेली नाही. राग नव्हता, धीरच होत नव्हता. कँटीनमध्येही तिनं जवाला हात लावला नाही. वाढप्याला म्हणाली, "तू ढवळ."

चौथ्या दिवशी धाकटीच वर आली. मध्ये दोनदा पायरीवर बसून आली. हातात तो लाल रेघेचा कागद.

"हा तुमच्या स्वयंपाकघरात लावा," ती म्हणाली. "माझ्यावर भरवसा ठेवू नका."

थोरलीनं कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन ओळन्‌ओळ वाचला, मोठ्यानं. चुकलं तिथे धाकटीनं दुरुस्त केलं. मग थोरलीनं तांदूळ धुवायला घेतले आणि पाठमोरीच म्हणाली, "बस. आणि भूक नसेल तर तसं सांग."

"भूक आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीनं वळून तिच्याकडे रोखून पाहिलं. खरंच आहे ना, ते कळेपर्यंत पाहत राहिली.

आकडे खाली यायला पाच महिने लागले. धाकटी आता बरी आहे, गाल भरलेत. थोरली मात्र कधी कधी पळी हातात धरून मधेच थांबते. चौदा वाट्या आठवड्याला, सात आठवडे. जाणूनबुजून कसं गिळलं असेल हिनं, ते तिला आजही उमगत नाही.