ट्रॅक्टर तूच निवड

गोपाळरावांच्या संत्र्याच्या बगीच्यात मी एकतीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. बगीचा सावनेरपासून तीन कोसांवर आहे. साडेसहाशे झाडं. त्यातली निम्मी मी आणि माझ्या बायकोनं, सत्यवतीनं, खड्डे खणून लावलेली.

ट्रॅक्टर उघडा होता. डोक्यावर ताडपत्रीचं छत, तेही मीच चार पाइप जोडून बसवलेलं. बाजूंनी सगळा मोकळा. मागे फवारणीचा ब्लोअर जोडला की त्याचा पंखा औषध झाडावर फेकतो. वारा फिरला की तेच औषध धुक्यासारखं चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. तोंडाला दुपट्टा बांधायचा, डोळे बारीक करायचे आणि ओळ संपवायची. घरी आलो की सत्यवती मला अंगणातच आंघोळ करायला लावायची. कपड्यांना हात लावायची नाही, काठीनं उचलून बादलीत टाकायची.

गेल्या हिवाळ्यात खोकला थांबेना. नागपूरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, "हे औषध पुन्हा नाकात गेलं तर वर्षभरात जिना चढता येणार नाही." मी म्हटलं, माझ्या घराला जिनाच नाही. तो हसला नाही.

आमच्याकडे सालानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, राहणाऱ्या गड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. कागद होत नाही. सकाळी मालक पानसुपारी पुढे करतो आणि माणूस ती घेतो. मग पुढच्या पाडव्यापर्यंत त्यानं सोडून जायचं नाही आणि मालकानं काढायचं नाही. मधेच साल सोडलं, असं ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याला शेजारच्या गावातही कोणी उभं करत नाही. म्हणून जे सांगायचं ते पाडव्याच्या आधी सांगावं लागतं. मी दहा दिवस आधी गेलो.

गोपाळराव ओसरीवर चहा पीत होते. आम्ही एकाच वयाचे. लहानपणी एकाच नाल्यात मासे धरले. पण ते मालक, म्हणून मी 'तुम्ही' म्हणतो आणि ते 'नाना' म्हणतात.

"यंदा माझ्याच्यानं होत नाही जी," मी म्हटलं. "दुसरा माणूस पाहा."

"काहून गा? कोणाकडे जाऊन राहिला?"

"कोणाकडे नाही. छाती साथ देत नाही. फवारणी झेपत नाही आता."

त्यांनी बशी खाली ठेवली.  मग म्हणाले, "मले नवीन ट्रॅक्टर घ्यायचाच आहे. दोन पाहून ठेवले. एक उघडा आणि एक केबिनवाला. काचा बंद, आत एसी. बाहेर जहर उडो का काही उडो, आत काही येत नाही. नाना, ट्रॅक्टर तूच निवड. बसायचं तुले आहे, मले नाही."

एकतीस वर्षांत मला कोणी काही निवडायला सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी शोरूमचा दुर्गेश दोन्ही ट्रॅक्टर घेऊन बगीच्यात आला. तिशीचा बोलका पोरगा. विक्रीही तोच पाहतो आणि दुरुस्तीलाही तोच येतो. मी आधी उघडा घेतला. बुटका, झाडाखालून सरळ जाणारा. मान वळवली की मागचं प्रत्येक नोझल दिसत होतं. कुठं काय वाजतं ते कानाला कळत होतं. बगीच्यासाठी असाच लागतो.

मग केबिनमध्ये बसलो. दार ओढलं आणि बाहेरचा आवाज तुटला. गार हवा तोंडावर आली. दुर्गेश आत सीटमागे वाकून उभा होता. "काका, आता तुमाले घरी जावंसं वाटत नाही पाहा. काकूले सांगा, डबा घेऊन इथंच या म्हणा."

मी म्हटलं, "डब्याचं राहू दे. हवा आत येते ती कुठून?"

त्यानं छतातली जाळी दाखवली आणि माहितीचा कागद दिला. मी अक्षरं पन्नाशीनंतर शिकलो, त्यामुळे हळूहळू वाचतो, पण काही सोडत नाही. "हे तर धुळीचं फिल्टर आहे," मी म्हटलं. "औषधाचा वास यात थांबते का?"

दुर्गेश माझ्याकडे पाहतच राहिला. "नाही थांबत काका. त्याले कोळशाचं वेगळं फिल्टर लागते. मागवून देतो ना."

पण खरी अडचण वेगळीच होती. केबिनची उंची. जुन्या झाडांच्या फांद्या खाली आलेल्या. एका ओळीत तीन फांद्या मोडल्या आणि काचेवर लांब ओरखडा उठला. गोपाळराव बांधावरून पाहत होते.

दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. शेवटी जे खरं होतं ते जाऊन सांगितलं. "बगीच्यासाठी उघडाच बरा जी. केबिन घ्यायचं तर सगळ्या झाडांच्या खालच्या फांद्या काढाव्या लागतीन. यंदाचं फळ कमी होईन."

गोपाळराव म्हणाले, "फांद्या पाहू का तुझी छाती पाहू, नाना?"

 मोटार चालू आहे का बघतो म्हणून मी विहिरीकडे निघून गेलो. संध्याकाळी येऊन सांगितलं, केबिनवाला घ्या. पाडव्याला पानसुपारी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि सत्यवतीनं फांद्या उतरवायला घेतल्या. पाडवा ते एप्रिलचा शेवट. फळ बोराएवढं झालेलं. करवत फिरली की हिरवी बोरं टपटप खाली. सत्यवती कापल्या जागी ब्रशनं निळं औषध लावत मागून यायची आणि तिचं तोंड थांबायचं नाही.

"पोटच्या पोरासारखी वाढवली न् आता त्यायचे हातपाय तोडून राहिले तुमी. एसीची हवा खाऊन पोट भरन का?"

"तुयासाठीच तर करतो वं. आणखी दहा वर्षं भांडाले कोणी पाहिजे ना तुले."

"दहा? मी तर पाचच धरली होती," ती म्हणाली, पण फांदी धरायला पुढे आली.

ट्रॅक्टर मेच्या मध्यात आला. निळा, चकचकीत. नारळ फुटला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी धुतलेला सदरा घालून गेलो होतो. दार उघडायला पुढे झालो तर सीटवर अंकित बसलेला. गोपाळरावांचा नातू. त्यांच्या मुलाचं घर नागपूरला मनीषनगरात आहे, तिथंच तो शिकला आणि शिक्षण संपून वर्षभर रिकामा होता.

"चार दिवस शिकू दे गा त्याले," गोपाळराव म्हणाले. "फवारणीले वेळ आहे."

फवारणीला वेळ होताच. पेरण्या झाल्या, पाऊस लागला. ट्रॅक्टर कोराडीकडे राखेच्या कामावर जात असल्याचं कानावर येत होतं. विजेच्या कारखान्याची राख ट्रॉलीत भरून वीटभट्ट्यांवर टाकायची. मला वाटलं, रिकाम्या दिवसात चार खेपा मारत असेल पोरगा. ऑगस्टात झाडांच्या पानांवर काळी बुरशी चढू लागली. आम्ही तिला कोळशी म्हणतो. आता फवारणी आठ दिवसांवर आली होती.

त्या रविवारी दुर्गेश सर्व्हिसिंगला आला. केबिनवाला गोपाळरावांच्या वाड्याबाहेर उभा होता. अंकित आत जेवत होता. मी दुर्गेशला पाणी दिलं आणि विचारलं, "ते कोळशाचं फिल्टर आणलं का गा?"

"कोळशाचं कशाले काका? राखेच्या कामाले धुळीचंच पुरते."

"राखेचं काम आज आहे, उद्या नाही. फवारणी तर दरसाल आहे ना बाप्पा."

दुर्गेश खाली वाकून ऑइल सोडत होता. मान वर न करताच म्हणाला, "ही गाडी फवारणीले कुठं घेतली? राखेच्या ठेकेदाराची अट आहे, बंद केबिनच पाहिजे. तीन वर्षांचं काम घेतलं गोपाळरावसाहेबांनी. म्हणून तर संक्रांतीलेच बुक केली."

"कधी?"

"संक्रांतीले. मी डेमोच्या दिवशी म्हटलं पण साहेबाले, बुक झाल्यावर डेमो कशाले करता? उगा डिझेल जाळता. ते म्हणाले, आमच्या नानाले..."

तिथं तो थांबला. हातातला पाना पुसत उठला. माझ्याकडे पाहिलं आणि नजर बोनेटकडे नेली. "काका, मले वाटलं तुमाले माहीत आहे."

संक्रांतीनंतर पाडव्यापर्यंत अडीच महिने जातात. म्हणजे मी उपाशी राहून विचार करत होतो तेव्हा विचार करायला काही उरलंच नव्हतं. गोपाळरावांना फक्त मी पाडव्याची पानसुपारी घ्यायला हवी होती. फवारणीसाठी इतक्या जुन्या, दाट बगीच्यात ट्रॅक्टर फिरवणारा दुसरा कोणी त्यांना मिळाला नसता, आणि मिळाला असता तरी ते धुकं अंगावर घ्यायला तयार झाला नसता. मी झाडांच्या फांद्या कापत होतो तेव्हा ते रोज सकाळी बांधावरून पाहून जायचे. एकदाही त्यांनी हात धरला नाही. यंदाचं निम्मं फळ जाऊ दिलं, पण बोलले नाहीत. मला याचंच जास्त लागलं.

घरी मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सत्यवती त्याच पावली वाड्यावर गेली असती.

फवारणीच्या सकाळी जुना उघडा ट्रॅक्टर ब्लोअर जोडून तयार उभा होता. गोपाळराव स्वतः आले होते. मी म्हटलं, "केबिनवाला?"

"कोराडीले गेला गा. ठेकेदार ऐकत नाही. आणि तुया हाताले तर हाच सवयीचा आहे. दुपट्टा दोनदा गुंडाळ."

"संक्रांतीले बुक केला होता म्हणे."

ते झाडांकडे पाहू लागले. मग म्हणाले, "तू सोडून गेला असता, नाना. मग मी काय केलं असतं, सांग."

"तसं सांगितलं असतं तर मी राहिलोही असतो जी. कोण जाणे. पण तुमी मले निवडाले लावलं."

 मी ट्रॅक्टरवर चढलो, चालू केला आणि बाजूच्या मडगार्डवर हात मारला. "बसा."

"कशाले?"

"एक ओळ. माझ्याबरोबर. मग मी दिवसभर फवारतो, एक शब्द बोलत नाही."

गोपाळराव हट्टी माणूस. धोतराचा सोगा खोचला आणि चढून बसले. मी त्यांना दुपट्टा दिला नाही, माझ्याही तोंडाला बांधला नाही. पंखा सुरू केला. पहिली सात-आठ झाडं वारा समोर होता, काही वाटलं नाही. मग वारा फिरला. पांढरं धुकं दोघांवर आलं. मी रोजच्यासारखे डोळे बारीक केले. ते खोकू लागले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तोंडावर हात घेऊन त्यांनी मडगार्डवर थापा मारल्या. "थांबव! अरे थांबव बे!"

मी थांबवला. ते धडपडत उतरले, पाटात बसले आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिले. किती तरी वेळ. मी खाली येऊन बाजूला उभा राहिलो. मला वाटत होतं, आता हा माणूस म्हणेल. काहीही म्हणेल. चुकलो म्हणेल, अंकितला बोलावतो म्हणेल, आजचा दिवस राहू दे म्हणेल. त्यातलं काहीही चाललं असतं मला. मी इतकी वर्षं याच माणसाच्या शब्दावर काढली होती.

त्यांनी सोग्यानं तोंड पुसलं. डोळे लाल झालेले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या पाडव्याले पाहू गा काहीतरी."

मी ट्रॅक्टर बंद केला. किल्ली तशीच राहू दिली आणि बांध उतरून घराकडे निघालो. मागून एकदा हाक आली, "नाना, सालात आहे तू!" मी वळलो नाही. खोकला आला म्हणून एका झाडाला धरून थांबलो, तेवढंच.

सत्यवतीला सगळं सांगितलं. ती भांडली नाही. भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "आता गावात लोकं तुमालेच बोलतीन." मी म्हटलं, बोलतीन.

पाचच्या सुमारास घरासमोर केबिनवाला येऊन थांबला. अंकित होता. इंजिन चालू, एसी चालू. त्यानं दार वीतभर उघडलं आणि आतूनच हात बाहेर काढला. हातात प्लास्टिकच्या पुडीत एक मास्क होता.

"आजोबांनी पाठवला. चांगल्यातला आहे म्हणाले. उद्या सकाळी या."

"पूर्ण दार उघड ना राजा," सत्यवती म्हणाली. "तुया मशिनीपुढे काही ऐकू येत नाही."

त्यानं आणखी वीतभर उघडलं. गार हवा आमच्यापर्यंत आली.

मी मास्क घेतला नाही. म्हटलं, "आजोबाले सांग, मी येत नाही. आणि ब्लोअरची टाकी अर्धी भरून उभी आहे. आजच्या आज रिकामी करून धुऊन टाका, नाहीतर नोझल जाम होतीन. हातमोजे घालून धुवा."

"पण ते म्हणतात, तुम्ही पाडव्याला शब्द दिला होता."

"दिला होता. तो कशावर दिला होता ते त्यायले विचार."

 मग त्यानं पुडी आत घेतली आणि दार ओढलं. काचेमागं त्याचं तोंड हलत होतं. तो आमच्याशी बोलत होता की फोनवर, ते आम्हाला बाहेर कळलं नाही.