माझं पुसलं, आता तुमचं

वेधशाळेच्या कार्यशाळेत मावशी एकतीस वर्षं दुर्बिणीचे आरसे घासत होती. काचेवर काच, मधे ओली पूड आणि दिवसभर ढकल-ओढ. शिक्षण नववी. तिनं विश्वाबद्दल तोंड उघडलं की वरच्या मजल्यावरचे विद्वान गालातल्या गालात हसायचे. हसोत. दात त्यांचे, करमणूक त्यांची.

तिचं म्हणणं असं, की विश्व पसरतबिसरत नाही. लांबून येणारा प्रकाश वाटेत थकतो, म्हणून तांबडा दिसतो. मग महास्फोट हवाय कुणाला? हेच सांगायला तिनं शनिवारच्या सभेत दहा मिनिटं मागितली होती, आणि कुणीतरी अर्ज न वाचताच मंजूर केला होता.

बहिणीचा मुलगा तिथंच संशोधन करायचा. तो धावत खाली आला.

"मावशी, नको बोलूस. हसं होईल."

"माझं की तुझं?"

"दोघांचं! सभेचे अध्यक्ष साहेब माझे मार्गदर्शक आहेत गं."

"मग त्यांच्या पाठीमागं लपून बस. खोट काढ माझ्या म्हणण्यात, नाहीतर वाट सोड."

भाचा चिडला. "काढतो! लांबचे तारे फुटतात, ते विझायला जास्त दिवस लावतात. जेवढे लांब, तेवढे सावकाश. प्रकाश थकला तर रंग बदलेल. विझायला उशीर का होईल? विश्व पसरत असेल तरच तसं दिसतं."

मावशीचा हात थांबला. "आकडे आण."

दोन दिवस तिनं आकडे तपासले. कार्यशाळेचा नियमच होता, घासणाऱ्यानं आपला आरसा आपण तपासायचा नाही. तरुणपणी तिनं तो मोडला होता. तिच्या मोजायच्या साधनातच चूक होती, तीच आरशात उतरली, आणि त्याच साधनानं तपासल्यावर आरसा निर्दोष दिसला. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती. सिद्धान्तही तिनं आजवर एकटीनंच तपासला होता.

शनिवारी ती फळ्यासमोर उभी राहिली. "माझा सिद्धान्त पडला. भाच्यानं पाडला."

सभागृह खदखदून हसलं. साहेब म्हणाले, "छान. बसा आता."

"दहा मिनिटं दिलीत, एकच झालंय. विश्व पसरतंय, मान्य. पण वेधशाळेच्या दारातल्या फलकावर तुम्ही लिहिलंय, सगळ्याची सुरुवात त्या क्षणी झाली. ती सुरुवात कुणी तपासली?"

"त्या क्षणापाशी आपली गणितं चालत नाहीत, मावशी."

"हेच लिहा की मग!" तिनं खडू पुढं केला.

"मर्यादा सांभाळा."

"सांभाळली, म्हणून तर आधी स्वतःचं पुसलं."

खडू कुणी घेतला नाही. तेव्हा तिनंच हातभर अक्षरात लिहिलं: सुरुवात झाली का, माहीत नाही.

साहेबांनी भाच्याकडे पाहिलं. "पुसून टाक ते."

 वर्षभरात भाच्याच्या प्रबंधावर साहेबांची सही व्हायची होती. त्यानं फळ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"सर, त्यात चूक काय आहे?" तो म्हणाला, आणि बसूनच राहिला.

मावशीनं हाताला लागलेली खडूची पूड पदराला पुसली. "अजून पाच मिनिटं आहेत. कुणाला काही विचारायचंय?"