चार्जर काढू नकोस

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे लग्नापासून सांगत आलेत. मी म्हणायचे, खरं बोलणाऱ्याला हाड हवंय कशाला. आता म्हणत नाही.

आम्ही पनवेलजवळ करंजाड्याला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या गॅलरीतून गावठाण दिसतं आणि त्यातलं हौसाचं दुमजली घर. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे एके काळी तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. ती हे कधी बोलून दाखवत नाही, आणि मी सोयीने विसरते. आमची मैत्री जमली ती डब्यावरून. माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेला एक स्टीलचा डबा आहे. त्यातून मी अळूवड्या पाठवायच्या, तिच्याकडून वालाचं बिरडं भरून यायचं, थंडीत मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी यायची. डबा रिकामा परत करायचा नाही, ही तिच्याकडचीही रीत आणि माझ्याकडचीही. इतक्या वर्षांत तो कधी रिकामा आला नाही.

तिची मुलगी पूर्वी. पोरगी हुशार आणि कमी बोलणारी. विमानतळावरच्या नोकरीसाठी एक परीक्षा होती, घरी बसून कॉम्प्युटरवर द्यायची. तिचे वडील जगन यांच्या दारात मोठी गाडी उभी, पण पोरीला लॅपटॉप म्हटला की त्यांच्या कपाळाला आठ्या. यंदा लग्न उरकायचं, परीक्षा कसल्या देता, असं त्यांचं म्हणणं. मग एक दिवस हौसा वर आली आणि पदराशी चाळा करत मला म्हणाली की ताई, तुमचा लॅपटॉप पोरीला थोडे दिवस द्याल का. मी लगेच दिला. उगाच खोटं कशाला बोलू, देताना मला फार बरं वाटलं. आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

आमचा लॅपटॉप वहीसारखा पातळ. पूर्वी तो ओढणीखाली धरून वडिलांसमोरून खुशाल ये-जा करायची. आधीचा जुना असता तर पाटा उचलून चालल्यासारखं दिसलं असतं. पण त्या जुन्याचं एक होतं, खालचा खटका सरकवला की बॅटरी हातात यायची. आमचे हे ती काढून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि लॅपटॉप थेट विजेवर चालवायचे. वीज गेली तरच बॅटरी बाहेर. नवा घेताना मी हटून बसले, पातळच हवा. दुकानदार म्हणाला, याची बॅटरी आतच चिकटवलेली असते, काढता येत नाही, म्हणून तर तो इतका पातळ. मी म्हटलं बरंच झालं, एक कटकट गेली. कटकट गेली, पण सवय काही गेली नाही. नव्यालाही आम्ही चार्जर लावला तो कायमचाच.

पूर्वीने एकदा जिन्यात मला थांबवून विचारलं होतं, "काकू, तो खूप गरम होतो. काम झालं की चार्जर काढून ठेवू का?" मी भाजीची पिशवी सावरत सांगितलं, "चार्जर काढू नकोस. आमच्याकडे तो असाच चालतो." आणि वर आले, विसरले.

दसऱ्याला जगन घरी नसताना हौसाने त्या लॅपटॉपची पूजा केली. दसऱ्याला पनवेलच्या स्टँडसमोरच्या रिक्षासुद्धा झेंडूच्या माळा घालून उभ्या असतात, मग पोरीच्या अभ्यासाचं यंत्र कसं सुटेल? हळदकुंकू, अक्षता, फूल, सगळं यथासांग. मला तिने कौतुकाने सांगितलंही होतं.

दिवाळीच्या तोंडावर पूर्वी लॅपटॉप घेऊन वर आली. म्हणाली, काकू, झाकण नीट बसत नाही, बोट फिरवायची पट्टीही वर आलीय, जरा बघता का? मी बघितलं. पट्टी खरंच टम्म वर आलेली. आणि बटणांच्या फटीत हळद, बिजागरीत तांदळाचा दाणा. झालं. माझं डोकं फिरलं. मी तिला एक शब्द विचारला नाही. लॅपटॉप काखोटीला मारला आणि तरातरा खाली उतरले, पोरगी माझ्या मागे.

हौसाच्या अंगणात पुतण्याच्या हळदीची बोलणी चालली होती. जगन, त्यांचे भाऊ, भावजया, सगळे बसलेले. मी खुर्चीवरसुद्धा बसले नाही. लॅपटॉप उघडून सगळ्यांना हळद दाखवली आणि म्हणाले, "यंत्राची पूजा लांबून करतात, त्याच्या पोटात हळद ओतून नाही. वस्तू द्यावी ती माणसं बघून, हे मलाच कळायला हवं होतं."

माणसं बघून! त्यांच्याच जमिनीवर उभी राहून मी हे म्हणाले. लिहितानाही कानशिलं तापतात.

हौसा पुढे होऊन पदराने बटणांवरची हळद पुसू लागली. पूर्वी दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे बघत तोंड उघडलं, मग वडिलांकडे बघितलं आणि मिटलं. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. जगनना लॅपटॉपचा पत्ताच नव्हता. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुमचं नुकसान आमी ठेवणार नाय." मग मुलीला म्हणाले, "आजपासून कोनाच्या दारात मागायला जायचं नाय."

दुसऱ्या दिवशी कोरा लॅपटॉप घरपोच आला, तसाच पातळ. हे म्हणाले, परत कर. मी म्हटलं, का म्हणून? आणि मी तो ठेवून घेतला.

तो सुरू करायला पुण्याला विश्वजीतला, आमच्या मुलाला फोन लावला. जुन्याचं काय झालं म्हणून त्याने विचारलं. मी हळदीची कथा मीठमसाला लावून सांगितली. तो आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, आई, पट्टी वर उचललीय म्हणजे बॅटरी फुगलीय, हळदीने बॅटरी फुगत नाही. कुठे ठेवलायस, गादीवर? आधी तिथून उचल, गॅलरीत फरशीवर ठेव, झाकण दाबू नकोस. आणि मग म्हणाला, "चार्जर कायम लावलेला असायचा ना? मागे आलो होतो तेव्हाच म्हटलं होतं तुला. जुन्याची बॅटरी बाबा काढून ठेवायचे. याची आतच असते, ती कुठे जाणार?"

फोन ठेवला आणि मला जिना आठवला. भाजीची पिशवी आठवली. दाराशी पूर्वीने तोंड का उघडलं होतं आणि का मिटलं, ते कळलं. धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, तसं झालं.

तो शुक्रवार होता आणि पूर्वीची परीक्षा रविवारी होती. हे मला ठाऊक होतं. उठून चपला घालायच्या आणि पन्नास पावलं चालायची, एवढंच करायचं होतं. पण शुक्रवारी जगनची गाडी दारात दिसली, म्हटलं ते बाहेर गेले की जाऊ. शनिवारी म्हटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि बेसन भाजायला घेतलं. हे एकदाच म्हणाले, सुमती, जाऊन ये. खरं सांगायचं तर चार माणसांत ताठ मानेने बोललेलं चार माणसांत गिळायची मला लाज वाटत होती. रविवारी सकाळी गॅलरीतून बघितलं तर पूर्वी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. गॅलरीत पायाशी तो फुगलेला लॅपटॉप. मी आत आले आणि लाडू वळत बसले.

सोमवारी गेले. एका हातात नव्या लॅपटॉपचा खोका, दुसऱ्या हातात लाडवांनी भरलेला डबा. अंगणात त्या दिवसाचीच माणसं होती. मी उभ्यानेच सांगितलं की चूक माझी होती. चार्जर लावून ठेवायची सवय माझी, पोरीने विचारलं तेव्हा काढू नकोस म्हणणारी मीच. पूजेने काही झालं नाही. खोका मी जगनच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, हा पूर्वीचा आहे.

मला वाटलं होतं, आता मला बोल लावतील, लावायलाच हवेत. पण जगनने खोका मांडीवर घेतला, त्यावर हात फिरवला आणि मुलीला हाक मारली.

"कवा हाय गो तुजी परीक्षा?"

"काल झाली, बाबा," पूर्वी म्हणाली.

त्यांचा हात खोक्यावर तसाच राहिला. मी पूर्वीला विचारलं, तू त्याच दिवशी का नाही बोललीस गं? ती म्हणाली, "सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं कसं पाडणार, काकू?" तिच्या आवाजात राग असता तर मला सोसला असता.

हौसाने मला बसवलं, चहा दिला, माझ्या सांधेदुखीचं कसं आहे म्हणून विचारलं. लाडू परातीत काढून घेतले, सगळ्यांना एकेक दिला. मोरीवर जाऊन डबा स्वच्छ घासला, पदराने कोरडा केला, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "सावकाश जा, ताई."

वजनावरून मला तिथेच कळलं होतं. तरी घरी आल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून झाकण उघडून पाहिलं.